सात किलो, ना कमी ना जास्त

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांना सगळी इमारत ग्रॅमभाऊ म्हणते. तोंडावर नुसतं भाऊ आणि पाठ वळली की ग्रॅमभाऊ. ते तिखट कानाचे असल्यामुळे दोन्ही त्यांना ठाऊक आहे आणि दोन्ही त्यांना आवडतं असा माझा संशय आहे.

चाळीस वर्षं या माणसाने दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. आधी पारड्यांचे, मग स्प्रिंगचे, शेवटी आकडे लुकलुकणारे. त्या चाळीस वर्षांत डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि काट्यावर बसला तो कायमचा. बाजारातून आणलेला भोपळा घरी पुन्हा तोलल्याशिवाय ते त्याला घरात जागा देत नाहीत. माझी लेक जन्मली तेव्हा सगळं जग मुलगा की मुलगी विचारत आलं. भाऊंनी दारातूनच विचारलं, किती भरली? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दवाखान्यातला काटा शेवटचा तपासला कधी होता? मी बाळंतीण होते, म्हणून वाचले ते.

दोन वर्षांपूर्वी दुकान पुतण्याच्या हाती देऊन भाऊ घरी बसले, आणि वहिनींच्या कपाळी आलं. दुकानात दिवसाला तीस काटे तोलणारा माणूस घरी बसून काय तोलणार? साबणाची वडी रोज किती झिजते, हे त्यांनी महिनाभर टिपून ठेवलं. वहिनी पोळीच्या गोळ्याला हात घालायच्या की हे मागून म्हणायचे, चार ग्रॅम जास्त घेतलास. एकदा वहिनी माझ्याकडे येऊन खुर्चीत मटकन बसल्या आणि म्हणाल्या, या माणसाला कुणीतरी लांब कुठेतरी न्या हो. देवाने ते जरा जास्तच मनावर घेतलं. कारण त्याच आठवड्यात भाऊंनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, की ते डोंगरापलीकडच्या देवस्थानाला पायी जाणार. चौतीस दिवसांची वाट. वय चौसष्ट. उजवा गुडघा कुरकुरणारा.

 तळमजल्यावरच्या शिंप्याने खालूनच विचारलं, परत तिसऱ्या दिवशीच ना?

हे तिसऱ्या दिवसाचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एकतीस वर्षांपूर्वी, म्हणजे मी या इमारतीत लग्न होऊन येण्याच्याही पाच वर्षं आधी, भाऊ याच वाटेवर निघाले होते. इमारतीने वाजतगाजत निरोप दिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोबीच्या ट्रकमधून परत आले. दोन्ही खांदे सोललेले आणि पाठीवर एकोणीस किलोंची पिशवी. लोकांनी विचारलं, अरे बाबा, भरलं होतंस काय? तर म्हणाले, दुरुस्तीची हत्यारं आणि वजनं. वाटेत गावोगावी काटे दुरुस्त करू, त्यावर राहण्याखाण्याची सोय होईल, असा विचार केला होता. झालं. एकोणीस किलो लोखंड घेऊन देवाला निघालेला माणूस म्हणून त्यांची कीर्ती झाली. आमच्या इमारतीत आजही कुणी काम अर्धवट टाकलं, की त्याचा तिसरा दिवस झाला असं म्हणतात. माझ्या नवऱ्याने गिटार शिकायला घेतली होती तिचा तिसरा दिवस झाला. ज्यांनी भाऊंना धड पाहिलेलंही नाही, ती नवी भाडेकरू मुलंसुद्धा हा वाक्प्रचार वापरतात. एकतीस वर्षं भाऊ ते ऐकून हसत आले. पण हसताना त्यांचा हात नकळत खांद्यावर जायचा, हे माझ्यासारख्या भोचक बाईच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

तेव्हा या खेपेला गोष्ट साधी नव्हती. या वर्षी गुडघा जेमतेम साथ देत होता. पुढच्या वर्षी तो देईल, याची हमी गुडघ्यानेही दिली नव्हती. आता गेले तर गेले, नाहीतर जन्मभर कोबीचा ट्रक.

आणि जाणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. यात्रेकरूंचा जथा घेऊन जाते ती एक निवृत्त परिचारिका. तिला सगळे हेडसिस्टर म्हणतात. तिच्या आवाजावर अख्खा वॉर्ड झोपायचा आणि अख्खा वॉर्ड उठायचा म्हणे. तिचा नियम असा, की निघण्याच्या दहा दिवस आधी प्रत्येकाची चाचणी. एक दिवस अठरा किलोमीटर जायचं, एका शाळेत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी अठरा किलोमीटर परत. पाठीवर आपली पिशवी आपणच वाहायची आणि ती सात किलोंच्या वर नसावी. चाचणीत जो कचरला त्याचं नाव यादीतून कट. रडारड चालणार नाही, वशिला चालणार नाही.

सात किलो हा आकडा ऐकला आणि भाऊंच्या डोळ्यांत जी चमक आली, ती वहिनींनी लग्नात तरी पाहिली होती की नाही देव जाणे.

पुढचे आठ दिवस समोरच्या घरात जे चाललं होतं त्याला तयारी म्हणणं म्हणजे अपमान आहे. भाऊंनी टॉवेल मधोमध कापला. शर्टांच्या कॉलरमागच्या चिठ्ठ्या उसवल्या, त्या सगळ्या मिळून अकरा ग्रॅम भरल्या. दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी केली. कंगवा मोडून अर्धा घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, अर्धं टक्कल आहे, अर्धा कंगवा पुरतो. एकेक वस्तू तोलून, यादीत लिहून, ठरलेल्या जागी ठेवून त्यांनी पिशवी भरली आणि गॅलरीच्या छतातल्या कडीला जुना स्प्रिंगचा काटा टांगून त्याला ती अडकवली. काटा सातच्या रेघेवर येऊन असा थांबला, की जणू तिथेच जन्मला होता.

मग त्यांनी घरात फर्मान काढलं. पिशवीला कुणी हात लावायचा नाही. ते स्वतःही उघडणार नाहीत. भरलेला माल पुन्हा उपसला की बिघडतो, असा त्यांच्या धंद्याचा नियम. रोज सकाळी ती पाठीवर घेऊन बागेच्या बारा फेऱ्या मारायच्या आणि आल्यावर काट्याला टांगायची. कुणी काही घातलं किंवा काढलं, तर काटा सांगेलच. काटा खोटं बोलत नाही.

रोज साडेसातला गॅलरीतून आवाज यायचा, "सात!" त्यावर इमारतीतले लोक घड्याळं लावायला लागले होते.

चौथ्याच दिवशी आवाज आला, "सात किलो एकशे ऐंशी!" आणि मागोमाग घरात व्याख्यान सुरू झालं. वहिनींनी लोकरीचा मफलर हळूच आत सरकवला होता. भाऊंनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. ते फक्त म्हणाले, जे घातलं आहेस ते काढ, आणि पाठ करून उभे राहिले. वहिनींनी मुकाट्याने मफलर काढला.

पण तेहतीस वर्षं वजनकाटेवाल्याचा संसार केलेली बाई ती. भाऊ दोन ते चार झोपतात. दुसऱ्या दिवशी सव्वादोनला वहिनी माझ्या स्वयंपाकघरात हजर. एका हातात रबराची शेकायची पिशवी आणि दुसऱ्या हातात भाऊंचा रेनकोट. तुझा काटा काढ गं, म्हणाल्या.

माझ्या ओट्यावर एक छोटा काटा आहे. भाऊंनीच तो दुरुस्त करून दिलेला. शेकायची पिशवी तीनशे वीस ग्रॅम भरली, रेनकोट तीनशे चाळीस. वीस ग्रॅम कमी पडत होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्धी वापरलेली साबणाची वडी आणली आणि सुरीने नखाएवढी तासून बरोबर वीस ग्रॅम केली. आता मला सांगा, असं आमंत्रण कुणी नाकारलं असतं? रेनकोट माझ्या कपाटात गेला. पाऊस कुठला पडतोय या दिवसांत, असं वहिनींचं म्हणणं. मुक्कामात गार फरशीवर झोपून गुडघा आखडला तर रेनकोट शेकायला येणार आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून आवाज आला, "सात!" वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

इथवर सगळं ठीक होतं. एक बायको, एक शेकायची पिशवी, एक भोचक शेजारीण. पण त्याच आठवड्यात संध्याकाळी त्यांची लेक माझ्या दारात उभी. ही दोन गल्ल्या सोडून राहते आणि दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडते. त्या बळावर सगळ्या घराला गुडघ्यांबद्दल सल्ले देते. संध्याकाळी भाऊ वाचनालयात जातात आणि वहिनी गिरणीत किंवा भाजीला, तेवढ्या वेळात ती येऊन गेली होती. तिच्या हातात गुडघ्याला बांधायचा पट्टा होता आणि भाऊंचे मोज्यांचे दोन जोड.

"मावशी, तुझा काटा दे ना जरा. आईला सांगू नकोस."

मी अगदी निरागस चेहऱ्याने काटा पुढे केला. तो चेहरा मला लहानपणापासून जमतो.

मग रोजचं दुकानच सुरू झालं. दुपारी आई, संध्याकाळी लेक. आईने झाकणाचा पेला घातला आणि बॅटरी काढली. लेकीने गोळ्यांचा डबा घातला आणि पाण्याची रिकामी बाटली काढली, कारण फेऱ्या मारताना बाबा वेगळी बाटली हातात धरतात, आत आणखी एक कशाला? आईने छोटी उशी घातली आणि दोन शर्ट काढले. लेकीने दवाखान्यात फुकट मिळालेले सहा ब्रश घातले, कारण बाबांनी ब्रशची दांडी कापल्याचं तिच्या धंद्याला सहन होईना. त्यांच्या जागी पट्टीचं गुंडाळं आणि अर्धा टॉवेल निघाला. वजन जुळवायला जे उणं पडेल ते माझं. माझं किल्ली हरवलेलं कुलूप गेलं, नवऱ्याच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट गेला. निघालेला माल माझ्या कपाटात. महिन्याभरात माझ्या साड्यांना उभं राहायला जागा उरली नाही.

आणि रोज सकाळी समोरून आवाज, "सात!" त्या आवाजात काय समाधान असायचं. मी इकडे चहाच्या कपात तोंड घालून हसायचे.

हसू थांबलं ते एका दुपारी. वहिनी आल्या त्या रिकाम्या हातांनी. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्याचा पट्टा सापडला आत. गोळ्यासुद्धा. मला काही बोलले नाहीत. चोरून नेतायत. म्हणजे दुखणं वाढलंय."

इथे माझी जीभ सैल सुटायला हवी होती. एरवी ती कुणाच्या घरात कोणता पाहुणा आला, हे पाहुणा बसायच्या आत सांगते. पण लेकीला वचन दिलं होतं आणि वहिनींनाही. दोन वचनांच्या मध्ये माझी जीभ अडकली. मी म्हटलं, असतील जुन्या गोळ्या.  त्या दुपारी वहिनींनी लोकरीचा मफलर आणि गजराचं घड्याळ दोन्ही आत घातलं. संध्याकाळी लेक आली ती कपाळाला हात लावून. बाबांनी गजराचं घड्याळ घेतलंय, म्हणाली, आणि शेकायची पिशवी! म्हातारपणी माणसं अशीच बावचळतात का गं मावशी? तिला वाटलं ते बाबांचं. आईला वाटलं ते त्यांचं. आणि ज्यांचं म्हणून सगळं चाललं होतं त्यांच्या मालकीचा त्या पिशवीत उरला होता फक्त अर्धा कंगवा.

चाचणीला दोन दिवस उरले तेव्हा मात्र मला राहवेना. ठरवलं, आज सांगते. भाऊ जिन्यात भेटले. मी म्हटलं, भाऊ, एकदा पिशवी उघडून बघा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवाच्या मूर्तीला टाचणी टोचून बघा म्हटलंय. म्हणाले, उघडून बघतात ते काटा बघता न येणारे. आणि गेले. मी मनात म्हटलं, जाऊ दे. माझं कर्तव्य संपलं. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात घालतो.

चाचणीच्या दिवशी सकाळी सातला घराजवळच्या शाळेच्या मैदानावर अकरा जण जमले होते. त्यांना सोडायला आलेले आम्ही तीसेक. आमच्या इमारतीतून शिंपी आला होता, हसायची पूर्ण तयारी करून. वहिनी आणि लेक एकमेकींपासून चार हात लांब उभ्या होत्या, कारण दोघींच्या मनात चोर. मी दोघींच्या मधोमध.

हेडसिस्टर आली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात शिट्टी. तिने रांग लावली आणि म्हणाली, पिशव्या उघडा. पाच वस्तू समोर मांडा. रेनकोट, कोरडे मोजे दोन जोड, बॅटरी, पाण्याची बाटली, पट्टीचं गुंडाळं. डोंगरात या पाचांवाचून माणूस आजारी पडतो आणि मग मला उचलावा लागतो. पाचातलं एक नसेल तर नाव कट.

बाकीच्या दहा जणांनी भराभर वस्तू मांडल्या. भाऊ हाताची घडी घालून उभे.

"उघडा की," हेडसिस्टर म्हणाली.

भाऊंनी सांगितलं, उघडायची गरज नाही. पाचही वस्तू आत आहेत. यादी पाठ आहे. आजच सकाळी साडेसहाला काटा पाहिला, सात किलो, ना कमी ना जास्त.

हेडसिस्टरने स्वतः वाकून चेन ओढली.

आधी उशी आली. मग शेकायची पिशवी, मफलर, झाकणाचा पेला. मग गजराचं घड्याळ, जे हाताला लागताच वाजायला लागलं आणि कुणाला बंद करता येईना. मग पट्टा, गोळ्या, सहा ब्रश, माझं कुलूप, माझ्या साबणाचा तुकडा. सगळ्यात शेवटी पेपरवेट. सकाळच्या उन्हात तो असा झळकला, की माझ्या नवऱ्याने लांबूनच ओळखला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"यात्रेला निघालात की संसार मांडायला?" हेडसिस्टर म्हणाली.

लोक हसले. शिंपी तर गुडघ्यांवर हात मारून हसला, म्हणाला, या वेळी पहिल्याच दिवशी! भाऊ हसले नाहीत. एवढी वर्षं मी त्यांना पाहते आहे, पण तो चेहरा पहिल्यांदाच पाहिला. ते त्या पसाऱ्याकडे बघत होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नंतर कळलं, ते वजनांची बेरीज करत होते.

हेडसिस्टरने खिशातून यादी काढली, पेन काढलं.

"थांबा," वहिनी पुढे आल्या. "ते माझं आहे."

भाऊंनी वर पाहिलं. "तू?"

"मी. शेकायची पिशवी, उशी, घड्याळ... मी घातलं."

"आणि पट्टा मी," लेक मागून बारीक आवाजात म्हणाली. "ब्रशसुद्धा."

वहिनींनी वळून लेकीकडे पाहिलं. पट्टा कुणाचा हे कळलं तसं त्यांच्या चेहऱ्यावरून इतक्या दिवसांची काळजी उतरली, आणि तिच्या जागी लेकीवरचा राग चढला. पण तो त्यांनी बाजूला ठेवला. आधी नवऱ्याचा हिशेब होता.

त्या म्हणाल्या, "मागच्या वेळीही पिशवी मीच भरली होती."

हे त्या हळूच म्हणाल्या, पण मी शेजारीच होते आणि तसंही मला दूरचं ऐकू येतं. मागच्या वेळी म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा चौतीस दिवस जाणार, उपाशी राहील, गारठेल, म्हणून या बाईने रात्रभर बसून भरलं होतं. डबे, बरण्या, दोन पांघरुणं, इस्त्रीचे कपडे. एकोणीस किलो झालं. भाऊंनी ते तोललंसुद्धा नव्हतं, तिने भरलं म्हणून. परत आल्यावर लोकांना सांगितलं हत्यारांचं.

"एकतीस वर्षं लोक हसतायत तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही एकदाही खरं सांगितलं नाही."

भाऊ जरा खाकरले. "हत्यारं होतीच की. एक पाना होता."

शिंप्याचं हसू कुठे गेलं कळलं नाही. तो चपलेचा अंगठा दुरुस्त करायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

"या वेळी एक ग्रॅम वाढवलं नाही मी," वहिनी म्हणाल्या. आता आवाज ओला झाला होता, पण ताठ होता. "जेवढं घातलं तेवढं काढलं. शेजारच्या काट्यावर तोलून."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मग ते वहिनींना म्हणाले, "तोलायच्या आधी शून्य तपासलं होतंस?"

"रोज," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी मान डोलावली. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे आयुष्यात कधी असं कौतुकाने पाहिलेलं नाही, मी कितीही चांगला चहा केला तरी.

हेडसिस्टर पेन हातात धरून उभी होती. असल्या गोष्टी तिने वॉर्डात पुष्कळ पाहिल्या असणार. तिने घड्याळ बघितलं. सव्वासात. म्हणाली, आठला शिट्टी वाजेल. तोवर पाच वस्तू माझ्यासमोर पाहिजेत. नसल्या तर मी वाट बघणार नाही.

वस्तू कुठे होत्या हे मैदानात तिघींनाच ठाऊक होतं आणि त्यातल्या दोघी रडत होत्या. तेव्हा धावायचं कुणी हे ठरलेलंच होतं. मी शाळेत असतानाही धावले नव्हते. घरापर्यंत सात मिनिटं, कपाट रिकामं करायला दोन. सगळं चादरीत बांधलं आणि गाठोडं डोक्यावर घेऊन परत निघाले. येताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, घर सोडलंत की काय? उत्तर द्यायला दम नव्हता. अशी संधी माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच वाया गेली.

भाऊंनी मैदानात मांडी घातली आणि माझ्या चादरीवर पिशवी भरायला घेतली. काटा नव्हता. रेनकोट उजव्या तळहातावर, शर्ट डाव्या तळहातावर, असं तोलून ते एकेक आत ठेवत गेले. पाच वस्तू हेडसिस्टरने मोजल्या. गुडघ्याचा पट्टा त्यांनी विजारीच्या वर तिथेच बांधला, कारण अंगावरचं वजन पिशवीत धरत नाहीत, हा नियमातला बारकावा त्यांना बरोबर ठाऊक होता. उशी परत केली. घड्याळ परत केलं, ते अजून वाजतच होतं. मग शेकायची पिशवी हातात घेऊन थांबले. थोड्या वेळाने दोन शर्टांपैकी एक बाहेर काढला, मग टॉवेलचा तो अर्धा तुकडाही काढला आणि शेकायची पिशवी आत गेली. एक शर्ट धुऊन तोच घालेन, म्हणाले.

हेडसिस्टरने पिशवी एका हाताने उचलून पाहिली. तिने उभं आयुष्य माणसं उचलण्यात घालवलं होतं. म्हणाली, चालेल.

मग शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अकरा जण परतले. भाऊ सगळ्यांत शेवटी होते आणि मधून मधून थांबत होते. पण पायांवर होते, कुठल्याही भाजीच्या ट्रकमध्ये नव्हते. हेडसिस्टर त्यांच्या बाजूने चालत होती. तिने मैदानातच यादी काढून त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि वहिनींना म्हणाली, शेकायची पिशवी मुक्कामात आठ जणांनी वापरली. आठवी मी. माझी कंबर. निघताना ती असू दे.  वहिनींनी मान वळवून लेकीकडे एकदा पाहिलं.

आता दहा दिवसांनी खरी यात्रा सुरू झाली, त्या सकाळचं तेवढं सांगते.

इमारत पुन्हा गोळा झाली होती. शिंपी या वेळी आला तो स्वतः शिवलेल्या दोन जाड खांदपट्ट्या घेऊन. त्या त्याने भाऊंच्या पिशवीच्या पट्ट्यांवर चढवून दिल्या. त्याने वजन वाढलं. भाऊंनी ते ओळखलं, आणि गप्प बसले.

जथा निघाला तशा वहिनी म्हणाल्या, कोपऱ्यापर्यंत येते. पायांत घरातल्या चपला, हातात काही नाही. मीही सोबत निघाले, कारण कोपऱ्यापर्यंत काय बोलणं होतं ते ऐकायचं होतं. कोपरा आला. वहिनी म्हणाल्या, पुलापर्यंत येते. पूल आला तेव्हा माझी पावलं बोलायला लागली. मी म्हटलं, वहिनी, फिरूया का मागे? त्या म्हणाल्या, तू हो पुढे, मी आलेच. मी परत आले. त्या आल्याच नाहीत.

अकरा वाजले, बारा वाजले. लेक दवाखान्यातून धावत आली. दुपारी एकला जथ्याच्या पहिल्या थांब्यावरून हेडसिस्टरचा फोन आला, तुमच्या आईला घेऊन जा, त्यांनी नऊ किलोमीटर चालून आमच्याबरोबर चहा घेतलाय आणि आता पुढच्या थांब्यापर्यंत येते म्हणतायत. लेक स्कूटर घेऊन गेली आणि तासाभराने आईला मागे बसवून घेऊन आली. चपलेचा एक पट्टा तुटलेला, टाचा लाल, चेहरा मात्र लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा.

मी गरम पाण्याची बादली त्यांच्या पायांशी आणून ठेवली. लेकीने विचारलं, बाबांचा गुडघा कसा होता? दुखत होता का?

वहिनींनी पाय पाण्यात सोडले आणि जरा आठवून पाहिलं.

"ते विचारायचंच राहिलं गं," त्या म्हणाल्या. "सगळी वाट आम्ही भांडतच होतो."